दोन चाकं आणि एक खिट्टी

लग्नसमारंभात भाषणं करण्याची चाल अलीकडे बरीच मागे पडली आहे. जिथे ती शिल्लक आहे तिथे मात्र 'पती-पत्नी ही संसाररथाची दोन चाकं आहेत' हे वाक्य ऐकल्याशिवाय पानावर बसता येत नाही. ही दोन्ही चाकं सारख्या वेगाने चालली पाहिजेत, असंही वक्ते पुढे बजावतात. मांडवातले सगळे माना डोलावतात, कारण भुका लागलेल्या असतात. परंतु या वक्त्यांपैकी एकही जण कधी मोटारीखाली आडवा झालेला नसावा, अशी माझी खात्री आहे. दोन्ही चाकांनी अगदी सारख्या वेगाने फिरायचं ठरवलं तर रथ सरळ रस्त्यावर झकास जाईल. पहिलं वळण आलं की एक तर टायर खरवडून निघतील, नाही तर आस मोडेल.

हिशेब सोपा आहे. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेली मोटार घेऊन तुम्ही देवळाला एक प्रदक्षिणा घातलीत, तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त चालतं. गंमत अशी, की देऊळ गल्लीतल्या मारुतीचं असो, की तुम्ही अख्ख्या पुणे जिल्ह्याला वळसा घालून या, फरक तेवढाच. एका फेरीला साडेनऊ मीटर. ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी दोन वर्तुळं काढून परिघांची वजाबाकी करावी. मी हे घरी करून दाखवलं, तेव्हा आमच्याकडे बाहेरचं चाक कोण यावरून जो मतभेद झाला तो अजून मिटलेला नाही.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिच्यात आस गप्प बसलेला असतो आणि त्याच्या दोन टोकांवर दोन चाकं आपापल्या मर्जीने फिरतात. ओढायचं काम बैलांचं, चाकांनी नुसतं गडगडायचं. भानगड सुरू झाली ती बैल सोडून देऊन माणसाने वाफेच्या यंत्राने आसच फिरवायला घेतला तेव्हा. चाकं आसाला पक्की बसवावीत तर गाडी वळत नाही. मोकळी सोडावीत तर ती जागची हलत नाही. काही कारागिरांनी तोड म्हणून एकाच चाकाला शक्ती जोडली आणि दुसऱ्याला नुसतं बरोबर यायला सांगितलं. ही व्यवस्था पुष्कळ घरांतून यशस्वी झालेली आहे, पण गाडीत तिचा त्रास असा, की गाडी सारखी एका अंगाला ओढते.

या कोड्याचं उत्तर पॅरिसमधल्या ओनेसिफोर पेकेर नावाच्या घड्याळजीने काढलं आणि १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. हे उत्तर घड्याळजीलाच सुचावं यात मला तरी नवल वाटत नाही. तासकाटा आणि मिनिटकाटा एकाच खुंटीवर वेगवेगळ्या वेगाने सुखाने नांदतात, हे तो रोज पाहत होता. पुढे १८३२ मध्ये मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सनेही तशीच योजना मांडली. दोघांचीही कल्पना काळाच्या फार पुढे होती, म्हणजे ती बसवायला चांगल्या गाड्याच नव्हत्या.

डिफरन्शियल सामान्य माणसाच्या बुडाखाली आणलं ते कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने. हा गृहस्थ मूळचा शिवणयंत्रांतला. मग सायकलींत पडला. त्याची एक गोष्ट सांगतात. बाप आणि मुलगा एका जोडसायकलीवर शेजारी-शेजारी बसून चालले होते. बापाच्या पायडलाने बापाकडचं चाक फिरायचं, मुलाच्या पायडलाने मुलाकडचं. मुलगा तरणाबांड, त्यामुळे गाडी सारखी बापाच्या बाजूला वळायची. शेवटी ती रस्ता सोडून गेली आणि वडील थेट खाजऱ्या झुडपात, म्हणजे आपल्या खाजकुयलीच्या विलायती चुलतबहिणीत, जाऊन पडले. अंग खाजवता खाजवता त्यांना १८७७ सालचं डिफरन्शियल सुचलं. गोष्ट कितपत खरी हे कॉव्हेन्ट्रीकरांना ठाऊक. पण मला ती पटते. तरुण मुलाशी बरोबरीने चालताना बापाला झुडपात जावं लागलं नाही असं घर दाखवा. १८८१ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने स्टार्लीच्या दोन तीनचाकी मागवल्या. त्याच वर्षी स्टार्ली वारला.

आता हे यंत्र आत कसं चालतं ते सांगायचं, तर चार दातेरी चाकं काढून दाखवावी लागतील आणि माझी चित्रकला शाळेतच वारलेली आहे. त्यापेक्षा बैलांचं जू घ्या. दोन टोकांना दोन बैल आणि मधोमध एकच गाठ. वळताना एक बैल दोन पावलं पुढे जातो, दुसरा मागे राहतो, जू तिरकं होतं. पण दोघांची ओढ सारखीच राहते. डिफरन्शियल म्हणजे गोल गोल फिरणारं जू. पुढे-मागे होण्याची मुभा दोघांना. ओझं मात्र दोघांना सारखं.

इतकी समंजस, इतकी समतावादी वस्तू माणसाने फार थोड्या केल्या असतील. आणि तिचं सगळं दुखणं या समतेतच आहे. समजा, एक बैल जू टाकून चरायला गेला. राहिलेला बैल कितीही दांडगा असला आणि त्याने जीव खाऊन ओढलं, तरी जू नुसतं गरकन् फिरेल. गाडी इंचभर हलायची नाही. कारण नियमच असा, की एकाला मिळेल तेवढंच दुसऱ्याला. गाडीचं एक चाक चिखलात गेलं की तो चिखल त्याला विरोधच करत नाही. विरोध नाही म्हणून जोरही लागत नाही. एकाला जोर लागत नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही. मग चिखलातलं चाक दुप्पट वेगाने गरगरतं, कोरड्या दगडावरचं भक्कम चाक स्तब्ध उभं राहतं, आणि मालक खाली उतरून चपला हातात घेतो. एका टेबलावरच्या दोन कारकुनांपैकी आळशी जेवढ्या फायली उपसेल तेवढ्याच दुसऱ्यालाही द्यायच्या, असा ठराव एखाद्या कचेरीत झाला तर जे होईल, तेच हे.

यावरचा पहिला उपाय अगदी अडाणी होता आणि म्हणूनच उत्तम होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात शेतांतून वाफेची अजस्र ओढयंत्रं हिंडत. त्यांच्या मागच्या चाकांना डिफरन्शियल असे आणि एक लोखंडी खिट्टीही असे. चाक फसलं की माणूस खाली उतरायचा, ती खिट्टी भोकात ठोकायचा, आणि दोन्ही चाकं एकाच लाटण्याची दोन टोकं असल्यासारखी एकत्र फिरू लागायची. यंत्र बाहेर आलं की खिट्टी काढून खिशात. ती काढायला विसरला तर पुढच्या वळणावर यंत्र आठवण करून द्यायचं. माणसाने पन्नास वर्षं खटपट करून दोन चाकांना स्वातंत्र्य मिळवून दिलं, आणि लगेच ते काढून घेण्याचीही सोय केली. 'डिफरन्शियल लॉक' म्हणून आजचे तरुण ज्याच्या नावाने जीव टाकतात, ते मुळात एवढंच.

पुढची सुधारणा चिखलातून आली नाही, शर्यतीतून आली. १९३४ पासून जर्मनीत ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या शर्यती मोटारी धावू लागल्या. फर्डिनांड पोर्शेंच्या आराखड्यावरच्या या गाड्यांना शक्ती इतकी, की ताशी दीडशेच्या पुढे गेल्यावरही मागचं एक चाक घसरून गरगरे. तेव्हा पोर्शेंच्या सांगण्यावरून त्सेट-एफ या कारखान्याने १९३५ मध्ये आपलं आपणच आवळणारं डिफरन्शियल केलं. एक चाक फार उधळलं की आतल्या आत घर्षणाने दोघांना जखडायचं, शांत झालं की सोडायचं. हा कारखाना निघाला होता त्सेपेलिनच्या हवाई जहाजांचे गियर करायला. म्हणजे जिथे चिखल असण्याचा प्रश्नच नाही अशा ठिकाणी. लवकरच महायुद्ध आलं आणि हीच युक्ती क्यूबेलवागन नावाच्या लष्करी गाडीत बसली. इंजिन पंचवीसच्या आसपास अश्वशक्तीचं, ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. तरीही आफ्रिकेच्या वाळूत ती पुष्कळ चालली, कारण एक तर ती हलकी होती आणि दुसरं म्हणजे तिची दोन चाकं अडचणीत एकमेकांना सोडत नव्हती.

समोरच्या पक्षाकडे अमेरिकन जीप होती. तिची चारी चाकं ओढतात, ही कीर्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती खरीही आहे, पण पुढचा आस आणि मागचा आस या दोन्हींवर तेच ते समतावादी डिफरन्शियल, खिट्टीविना. म्हणजे पुढचं एक आणि मागचं एक अशी तिरपी दोन चाकं अधांतरी झाली, की चारी चाकं ओढणारी गाडी एकाही चाकाने ओढत नाही.

हे तत्त्व मला छापील कागदावरून कळलं नाही, आमच्या मेहुण्यांमुळे कळलं. मेहुण्यांनी मध्यंतरी एक वापरलेली चारचाकी ओढीची गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नव्हता. एका श्रावणात मुळशीकडच्या एका वाडीला आम्ही निघालो. "भावजी, ही गाडी भिंतीवर चढते," असं त्यांनी मला पौडपर्यंत तीनदा सांगितलं. भिंत लागली नाही. ओढ्याकाठी एक चर लागला. चर तिरका होता, गाडी सरळ होती. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक हवेत उचललं गेलं आणि पंख्यासारखं फिरू लागलं. मेहुणे गियर बदलत होते, दांडे ओढत होते, आणि मला चारचाकी ओढीचे फायदे समजावून सांगत होते.

तेवढ्यात भाताची चिखलणी आटोपून एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. इंजिन बंद न करता त्याने वाकून गाडीखाली पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, चार चाकं फिरत्यात म्हनता, मला तर दोनच दिसत्यात. अन् तीबी हवेतली."

मेहुण्यांनी त्याला जीपचा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्याने तो शेवटपर्यंत ऐकला, हे त्याच्या घरच्या वळणाचं लक्षण. मग म्हणाला, "ब्रेक हलका दाबा आन् रेस द्या." हा सल्ला ऐकायला वेडेपणाचा वाटतो, पण शास्त्र त्याच्या बाजूचं आहे. ब्रेकमुळे हवेतल्या चाकाला खोटा का होईना, विरोध मिळतो. त्याला जोर लागला की तेवढाच जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. चरायला गेलेल्या बैलाच्या जागी जुवाला धोंडा बांधण्यासारखंच हे. १९९० नंतरच्या गाड्यांतून हेच काम गाडी स्वतः करू लागली, आणि त्याला भलंमोठं इंग्रजी नाव मिळालं. आमची गाडी या उपायाने वीतभर पुढे आली आणि थांबली. मग दोर बांधला.

दोर बांधल्यावर ट्रॅक्टरचंही एक चाक चिखलात घसरू लागलं. पोराने खाली न बघता उजव्या टाचेजवळचा एक लहानसा दांडा दाबला. खट् असा आवाज झाला, दोन्ही मोठी चाकं एकत्र फिरली आणि आम्ही काठावर आलो. ती खिट्टी! इंग्लंडातल्या वाफेच्या यंत्राची खिट्टी, मुळशी तालुक्यात, अनवाणी टाचेखाली! चिखलणी करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ती ठाऊक असते. पाय काढला आणि दोन्ही चाकांना सारखी जमीन मिळाली की ती आपली आपण सुटते.

चहा पिताना मी त्याला विचारलं, ही सारखी लागते का?

"न्हाई. सारखी लावली तर हाउसिंग फुटंल. आडीला लागती." मग थोडं थांबून तो म्हणाला, "गेल्या आखाडात वहिनीला ट्रॉलीत घालून ह्याच वड्यातनं न्हेली. पार पल्ल्याड जाईस्तोवर टाच उचलली न्हाई. पोरगी झाली."

मेहुणे परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलले नाहीत.

खरं तर या खिट्टीच्या चुकीच्या वापराने जितके अपघात होतात त्यांची वर्णनं ऐकली, की तो पोरगा 'आडीला' का म्हणाला ते कळतं. डांबरी रस्त्यावर ती लावून वळायला गेलं, की टायर किंचाळतात आणि आस पिळवटतो. पुढच्या आसाची लावली तर स्टिअरिंग हट्टी मुलासारखं सरळच जायचं म्हणतं. सगळ्यांत वाईट म्हणजे आडवा ओला उतार. तिथे खिट्टी नसेल तर एक चाक गरगरतं, पण दुसरं जमिनीला धरून गाडीचं शेपूट जागच्या जागी ठेवतं. खिट्टी असेल तर दोन्ही चाकं एकदमच घसरतात आणि गाडी बाजूला दरीकडे निघते. म्हणजे एकजुटीने पडणं. शिवाय लावायची ती अडचणीच्या आधी, चाकं गरगरत नसताना. गरगरत्या चाकात लावली तर दात तुटतात. भांडण पेटल्यावर दोघांना एका खोलीत कोंडणारे वडीलधारे मी पाहिले आहेत. तिथेही दातच पडतात.

युद्धानंतर जर्मनीत ही वस्तू पुन्हा शेतावर आली. आल्बर्ट फ्रीडरिश नावाच्या, पूर्वी विमानांची इंजिनं करणाऱ्या अभियंत्याने युनिमॉग ही गाडी आखली. तिच्या दोन चाकांतलं अंतर १२७० मिलिमीटर ठेवलं, म्हणजे बटाट्याच्या बरोबर दोन सऱ्या. मागच्या-पुढच्या दोन्ही आसांना खिट्ट्या. ही बटाट्याची गाडी पुढे जगातल्या निम्म्या वाळवंटांतून हिंडली.

इंग्लंडात काय झालं ते मराठी माणसाला विशेष गोड वाटेल, कारण तिथे काका-पुतण्याचं प्रकरण आहे. जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली. त्याने १८८५ मध्ये आजच्या सायकलीची पणजी शोभेल अशी 'रोव्हर' सायकल काढली. तिच्यावरून कंपनीचं नाव पडलं, त्या कंपनीने १९४८ मध्ये लँड रोव्हर आणली आणि १९७० मध्ये रेंज रोव्हर. या रेंज रोव्हरची चारी चाकं कायम ओढत, त्यामुळे पुढचा आस आणि मागचा आस यांच्यात आणखी एक, मधलं डिफरन्शियल आलं. आणि त्या मधल्याला होतं कुलूप. काकांनी चाकांना दिलेलं स्वातंत्र्य पुतण्याच्या घराण्याने कुलपात ठेवलं, तेही काकांना जाऊन जवळजवळ नव्वद वर्षं झाल्यावर. आपल्याकडे इतका वेळ कोणी थांबत नाही.

१९७९ मध्ये मर्सिडिजची जी-वागन आली. तिचे दोन्ही आस चालत्या गाडीत बसल्या जागी जखडता येत. खाली उतरून चिखलात पाय घालायची गरज संपली. ऑस्ट्रेलियात त्याच सुमारास दाबलेल्या हवेने लागणारी खिट्टी निघाली: बटण दाबलं की फुस्स. आपल्याकडे २०१५ च्या थारमध्ये मागच्या आसाला आपली आपण लागणारी खिट्टी आली. दोन चाकांच्या वेगात फार तफावत पडली की ती स्वतःच खट् करते आणि ड्रायव्हरला विचारतसुद्धा नाही. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरख्याला मात्र पुढे-मागे दोन्हीकडे खिट्ट्या, आणि त्या माणसाने हाताने लावायच्या. मला विचाराल तर मी या दुसऱ्या पंथाचा. जखडून घ्यायची वेळ कोणती हे निदान आपलं आपल्याला कळावं. मेहुणे पहिल्या पंथाचे आहेत. त्यांचं म्हणणं, माणसाला वेळेवर आठवत नाही. यावर आमची दिवाळीत एक बैठक होते.

आता तर विजेच्या गाड्यांत प्रत्येक चाकाला निराळी मोटर द्यायची टूम निघाली आहे. मग डिफरन्शियलही नको आणि खिट्टीही नको. चार चाकं, चार चुली. वास्तविक ही कल्पना नवी नाही. १९७१ च्या जुलैअखेर अपोलो १५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांनी चंद्रावर जी गाडी नेली, तिच्या चारी चाकांत चार स्वतंत्र विजेच्या मोटरी होत्या, पाव-पाव अश्वशक्तीच्या. एकाचं दुसऱ्याशी काही देणं-घेणं नाही. पहिल्या दिवशी तिचं पुढचं स्टिअरिंग चालेना. दुसऱ्या दिवशी ते आपलं आपण चालू झालं. त्याच दुसऱ्या दिवशी एका डोंगराच्या उतारावर दोघांना हिरवट रंगाचा एक दगड दिसला म्हणून त्यांनी गाडी उभी केली. उभी केली ती अशी, की तिचं मागचं एक चाक अधांतरी राहिलं आणि गाडी खाली घसरेल अशी भीती वाटू लागली. पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर, जगातल्या सगळ्यांत महागड्या गाडीजवळ, स्कॉट दगड गोळा करायला गेला, आणि तो परत येईपर्यंत आयर्विन गाडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.